यिशुनहून टिपलेला उत्तरेचा उजेड

सिंगापूरच्या आकाशात बघण्यासारखं काही नसतं, असं मी इथे आल्यापासून ज्याला त्याला ऐकवत आलो आहे. ढग असतात, विमानांचे दिवे असतात आणि त्यांच्या मागे रात्रभर न विझणारा मळकट नारिंगी उजेड असतो. पुण्याहून निघताना मी कॅमेरा घेतला होता तो तारे टिपायच्या हौसेने. इथे येऊन त्याच कॅमेऱ्याने पूल टिपले, बिल्डिंगा टिपल्या, आम्ही राहतो त्या यिशुन भागातल्या धरणावर गळ टाकून बसलेले म्हातारे टिपले. तारे राहिले ते राहिलेच. बायको म्हणायची, "तुझं आणि आकाशाचं काहीतरी वाकडं आहे." मी म्हणायचो, माझं नाही, या शहराचं आहे.

त्यामुळे आमची एकुलती एक मुलगी समुद्राचं शास्त्र शिकायला नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला निघाली, तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या डोक्यात लेन्स. जन्मापासून घामाच्या धारांत वाढलेली पोर तिथे थंडीत कशी राहणार, या काळजीने बायकोने तिची बॅग लोकरीच्या कपड्यांनी भरली. मी त्यातले दोन स्वेटर काढून माझा दुसरा कॅमेरा आणि रुंद लेन्स बसवली. मुलीने ते पाहिलं आणि बॅगची चेन लावून टाकली. ती तशी लहानपणापासून समजूतदार. हट्ट करायचा मक्ता घरात माझ्याकडे होता.

तिथे पोचल्यावर तिने पहिला व्हिडिओ कॉल केला आणि फोन फिरवून खोली दाखवली. बायकोने कपाट किती मोठं आहे, गादी जाड आहे का, याची चौकशी केली. मी विचारलं, "खिडकी कुठल्या दिशेला आहे?"

खिडकी उत्तरेला होती. हॉस्टेल गावाच्या कडेला, चढावर, आणि तिची खोली त्यातली शेवटची. खिडकीबाहेर मोकळी जमीन, लाकडी कुंपण, कुंपणापाशी एक खांब आणि पलीकडे काळी टेकडी. बर्फ साचला की रस्ता कुठे आहे ते कळावं म्हणून तिथे असे खांब रोवून ठेवतात. एकही दिवा नाही. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता.

मी बँकेच्या संगणक विभागात आहे. इथे बसून दुसऱ्या देशातली मशीन चालवायची, हेच माझं वर्षानुवर्षांचं काम. तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कुठल्या बापाच्या डोक्यात आलं असतं असं वाटत नाही. तिचा जुना लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर उघडा ठेवायचा, कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर बाहेर तोंड करून पक्का बसवायचा, दोघांना वायरीने जोडायचं आणि तो लॅपटॉप मी यिशुनमधून चालवायचा. म्हणजे शटर दाबणार मी, फोटो निघणार तिथे, आणि दिसणार माझ्या डायनिंग टेबलावर.

"बाबा, यू सो लेझी लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत हसून म्हणाली. "इथे ये ना. येऊन काढ."

"रजा तुझा आजोबा देणार का?" मी म्हणालो. तिने सगळं मी सांगितलं तसं बसवून दिलं.

आमचे सकाळचे सात म्हणजे तिथली मध्यरात्र. मी ऑफिसला निघण्याआधी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसायचो. आमच्या खिडकीबाहेर उजाडत असायचं, खालच्या बस स्टॉपवर शाळेच्या गणवेशातली मुलं उभी असायची, शेजारची चिनी म्हातारी कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालत असायची. आणि माझ्यासमोर स्क्रीनवर रात्र असायची. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. मुलगी फोनवर होती. ती म्हणाली, "बाबा, खट् करून वाजला. एकटाच. सो क्रीपी." मी खूश होऊन पुन्हा दाबलं.

नॉर्दर्न लाइट्सचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे ते कसे दिसतात हे मी सांगत बसत नाही. जे कोणी सांगत नाही ते सांगतो. ते फोटो पाहताना मला भीती वाटायची. एका फोटोत टेकडीवर नुसती हिरवट रेघ असायची, पुढच्या फोटोत ती अर्धं आकाश व्यापून खिडकीवर वाकलेली असायची. मध्ये काय झालं ते कळायचं नाही. तो उजेड कुठून तरी येत होता असं वाटायचं नाही. तो आधीपासून तिथे होता आणि आत्ता त्याने आपल्याकडे तोंड केलं, असं वाटायचं. बायको एकदाच मागे येऊन उभी राहिली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "सकाळी सकाळी हे असलं बघू नकोस. देवाचं काहीतरी लाव."

मुलीला मात्र तो हिरवा दिसत नव्हता. "इट्स नॉट ग्रीन," ती म्हणाली. "मला ग्रे दिसतो. चुलीच्या धुरासारखा." मी तिला समजावलं की मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. तू डोळ्यांवर जाऊ नकोस, कॅमेऱ्यावर विश्वास ठेव. माझं बोलणं शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होतं.

थोड्याच दिवसांत माझं समाधान संपलं. माझा स्वभावच खुसपट काढायचा. नुसतं आकाश आणि नुसती टेकडी. त्याच्या भव्यपणाचा अंदाज येईल असं काही चौकटीत नाही. फोटोत एक माणूस पाहिजे. तो छोटा दिसला की आकाश मोठं दिसतं. मी मुलीला विचारलं, रात्री जरा बाहेर जाऊन त्या खांबापाशी उभी राहशील का? ती तयार झाली. तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानातून तिने एक लाल जाड जॅकेट घेतलं होतं, गुडघ्यापर्यंत येणारं, टोपीसकट. पांढऱ्या बर्फावर लाल ठिपका. यापेक्षा सुंदर काय असतं?

पण ती हलायची. एवढ्या अंधारात शटर पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात जो हलतो तो फोटोत पुसट होतो. कोणी चौकटीतून नुसतं चालत गेलं तर फोटोत तो माणूस नसतोच. अर्धा वेळ उभा राहिला आणि निघून गेला, तर तो काचेचा झालेला दिसतो. माझी मुलगी थंडीने पाय आपटायची, हात चोळायची, मान वळवायची, आणि माझ्या टेबलावर यायचं ते एक लालसर धुकं. एका फोटोत तिच्या पोटातून कुंपणाच्या फळ्या दिसत होत्या. एकात तर ती दोन होती. मध्येच दोन पावलं सरकली असणार; दोन्ही जागी अर्धी अर्धी उमटली होती, आणि एक दुसरीच्या मागे उभी राहून तिच्याकडे बघतेय असं वाटत होतं.

बायकोने तो फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "पोरीच्या अंगातून चांदण्या दिसताहेत. पुसून टाक तो."

मी पुसला नाही. मुलीला पाठवला आणि खाली लिहिलं, "जरा स्थिर उभी राहत जा. भूत दिसतेस." तिने हसण्याचं चित्र पाठवलं. मग लिहिलं की तिच्या मजल्यावरच्या मुली सांगतात, या उजेडाखाली हातवारे करू नयेत. त्याला वाटतं आपल्याला बोलावतात, आणि मग तो खाली येऊन घेऊन जातो. मी लिहिलं, "बघ, मी तेच सांगतोय. हलू नकोस."

आणखी एक अडचण होती. खोलीत दिवा लागलेला असला की खिडकीच्या काचेत खोली उमटायची. थंडीसाठी तिथे खिडकीला एकामागे एक तीन काचा असतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा. टेकडीवर तीन दिवे, आकाशात तीन कपाटं. मी फर्मान काढलं की फोटोच्या वेळी खोलीत संपूर्ण अंधार पाहिजे. लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेडही मी इथूनच शून्यावर आणून ठेवायचो. "मग मी अंधारात बसू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "थोडा वेळ गं. तसंही तू झोपलेलीच असणार." सुरुवातीला तो खरंच थोडा वेळ होता. मग डिसेंबर आला, तिथे सूर्य उगवायचाच बंद झाला, आणि रात्र कधी सुरू होते अन् कधी संपते याला काही अर्थ राहिला नाही. शनिवारी-रविवारी मी दुपारपर्यंत शटर दाबत बसायचो. तिने एकदाही दिवा लावल्याचं मला आठवत नाही.

याच सुमाराला तिचे मेसेज आखूड होत गेले. आधी ती लांबलचक लिहायची: कॉलेजच्या बोटीवर उलटी झाली, डाळ करपली, अलार्म वाजला, सगळं हॉस्टेल बर्फात उभं राहिलं. मग "ओके", "कॅन", "बिझी लाह". मग नुसतं "या", म्हणजे हो. फोन केला तर उचलायची नाही, तासाभराने लिहायची की लायब्ररीत होते. बायकोचा जीव टांगणीला लागला. "ती नीट बोलत नाही रे. काहीतरी बिनसलंय."

"काही बिनसलेलं नाही," मी म्हणालो. "परीक्षा असेल. हे बघ, रोज बिचारी माझ्यासाठी बाहेर येऊन उभी राहते. ठणठणीत आहे." आणि मी तिला लॅपटॉप दाखवला.

खरंच, त्या आठवड्यात काहीतरी जमून गेलं होतं. मुलगी एकाएकी स्थिर उभी राहायला लागली होती. खांबापाशी, जराशी तिरकी, हात खाली सोडून, टोपी चढवून. कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट. मागे आकाश पेटलेलं आणि त्याच्यासमोर ही एवढीशी, जराही न डगमगता. मी तो फोटो इथल्या आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि दिवसभर कौतुक झेलत राहिलो. एकाने विचारलं, मॉडेलला किती वेळ उभं केलंत? मी लिहिलं, मॉडेल नाही, मुलगी आहे. तिलाही मेसेज केला, "आता जमलं! शाबास!" तिच्याकडून अंगठा आला.

पुढचा शनिवार. बायको टेक्का मार्केटला भाजीला गेली होती. मी आठवडाभराचे फोटो घेऊन बसलो. एकाच जागेवरून काढलेले फोटो संगणकावर एकावर एक रचायचे, अशी एक पद्धत आहे. जे हलतं ते विरघळून जातं, जे हलत नाही ते गडद होत जातं; ताऱ्यांच्या फिरण्याच्या गोल रेघा उमटतात. मी सगळ्या निरभ्र रात्री एकत्र केल्या. मुलगी रोज थोडी इकडे, थोडी तिकडे उभी राहत असणार, तेव्हा तिथे एक लाल डाग येईल आणि तो नंतर खोडावा लागेल, असं मी धरून चाललो होतो.

चित्र तयार झालं. आकाश विरघळून हिरवट दूध झालं होतं. तारे रेघा झाले होते. कुंपण स्पष्ट होतं, टेकडी स्पष्ट होती, आणि त्यांच्याइतकीच स्पष्ट माझी मुलगी होती. डाग नव्हता. सगळ्या रात्रींची मुलगी एकमेकींवर तंतोतंत बसली होती. बाहीची घडी घडीवर. टोपीचं टोक टोकावर.

मी कप खाली ठेवला. एकेक फोटो वेगळा उघडून मोठा करून बघायला लागलो. पहिल्या रात्री हॉस्टेलकडून खांबापर्यंत गेलेल्या पावलांच्या खुणा होत्या. दुसऱ्या रात्री त्या बुजत आल्या होत्या. नंतरच्या फोटोंत बर्फ सपाट, गुळगुळीत, आणि त्याच्या मधोमध ती उभी. तिथे जाण्याची खूण नाही, परतण्याची नाही. खांद्यावर आधी बर्फाची भुकटी होती, मग बोटभर थर, मग टोपीवरही. तो तिने झटकला नव्हता. टोपीच्या आत चेहऱ्याच्या जागी काळोख होता. काळोख आधीच्या फोटोंतही असायचा, पण मी तो कधी मोठा करून पाहिला नव्हता.

माणूस उभ्या उभ्या गोठतो का? हा प्रश्न मी खरोखर संगणकाला विचारला. उत्तर वाचायच्या आधीच दुसरा प्रश्न आला. काल संध्याकाळी बायकोने तिला "जेवलीस का" असं विचारलं होतं आणि उत्तर आलं होतं, "या". ही जर आठवडाभर तिथे उभी आहे, तर ते कोणी लिहिलं?

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन आत आली आणि माझं तोंड बघून पिशव्या तशाच दारात ठेवल्या. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिला फोटो रचण्यातलं काही कळत नाही. तिने फक्त तो बर्फाचा थर पाहिला आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला. हॉस्टेलच्या ऑफिसला लावला; तिथे मध्यरात्र, रेकॉर्ड केलेला एक गोड आवाज आम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलत राहिला. मुलीच्या मैत्रिणींपैकी एकीचाही नंबर आमच्याकडे नव्हता. बायको तिथल्या पोलिसांचा नंबर शोधायला लागली. ती पुन्हा पुन्हा चुकीचं काहीतरी दाबत होती.

मी शटर दाबलं. माझ्याकडे दुसरं होतं काय? फोटो आला. हिरवा पडदा, टेकडी, लाल आकृती. पुन्हा दाबलं. तीच. आकाश बदलत होतं, ती नव्हती. जगाच्या त्या टोकाला माझा एक डोळा होता आणि तो मला वळवता येत नव्हता. तिची खोली त्या डोळ्याच्या पाठीमागे होती. मी इतके आठवडे त्या खोलीतून बाहेर बघत होतो, आणि खोलीत काय आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि मग मला काचेची आठवण झाली. आकाशात उमटणारी कपाटं. लॅपटॉपचं तोंड खोलीकडे होतं. मी त्याच्यावर एक कोरं पान उघडलं, पूर्ण स्क्रीनभर पांढरं केलं, आणि शून्यावर ठेवलेला उजेड इथून सगळ्यात वर नेला. कॅमेऱ्याचा फोकस जवळ आणला. शटर दाबलं. ते उघडं असेपर्यंत बायको माझ्या खांद्याला धरून उभी होती. तिची नखं रुतली होती, पण दोघांनाही ते जाणवत नव्हतं.

फोटोत आकाश होतं, पुसट, हिरवं. त्याच्यावर खोली उमटली होती. मधोमध कॅमेऱ्याचा स्वतःचा काळा गोळा. त्याच्या डाव्या बाजूला पलंग, खाली ताटल्या आणि कपडे यांचा ढीग. आणि पलंगावर, कुशीवर, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून आमची मुलगी. तीन काचांत तीनदा, एकीमागे एक. तिन्ही चेहऱ्यांतून तो उजेड आरपार जात होता. डोळे उघडे होते. खिडकीकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, म्हणजे सरळ आमच्याकडे.

बायकोच्या तोंडून आवाज फुटला. मीही हसलो असेन, कारण ती आत होती, बाहेर नव्हती. मग माझी नजर त्या डोळ्यांवर गेली. पापण्यांच्या कडा, केसांची बट, ओठ. सगळं स्पष्ट होतं. इतके सेकंद शटर उघडं होतं आणि तिचं काहीही हललं नव्हतं. अंधारात एकाएकी पांढरा प्रकाश तोंडावर आला तर माणूस निदान डोळे मिटतो.

"पुन्हा काढ," बायको म्हणाली.

मी पुन्हा काढला. ते पंधरा सेकंद मी इथे लिहू शकत नाही. मनात येऊ नये ते सगळं आलं. तिचे कपडे कोणाला द्यायचे इथपर्यंत आलं.

दुसऱ्या फोटोत तिला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी एक फिकट फराटा होता, उशीपासून वर गेलेला. आमच्या जिवात जीव आला. ती उठत होती.

फोन उचलत नव्हती, म्हणून मी त्या कोऱ्या पानावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बाळा, बाबा आहे. आई पण आहे. फोन उचल." तिच्या अंधाऱ्या खोलीत ती अक्षरं एकेक करून, कोणी न लिहिता उमटली असतील. त्या क्षणी मला ते सुचलं नाही. आता सुचतं आणि अंगावर काटा येतो.

फोन वाजला तेव्हा बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, सो ब्राइट," मुलगी म्हणाली. आवाज घशात चिकटलेला होता. पुष्कळ दिवस न वापरलेला.

मी आधी काय विचारावं? मी विचारलं, "बाहेर कोण उभं आहे?"

"जॅकेट आहे ते. त्या पोलवर. आत उशी भरलीय." ती म्हणाली. "आय वॉज टायर्ड, बाबा. तुला क्लिअर पाहिजे होतं ना."

बायकोने विचारलं, "राणी, जेवलीस कधी?"

"डोन्ट नो. बिस्किट्स होते."

"कॉलेजला कधी गेलीस?"

"माहीत नाही, आई. सगळं नाइटच आहे. उठायचं असतं, पण उठून काय करायचं ते कळत नाही. अँड देन इट्स नाइट अगेन."

बायको रडली नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. "मी येतेय," ती तिथूनच ओरडली, फोनला ऐकू जाईल इतक्या जोरात. "मिळेल त्या विमानाने येतेय. तोवर शेजारच्या मुलीचं दार वाजव आणि तिच्या खोलीत जाऊन बस. ऐकलंस? आत्ता."

"ओके," मुलगी म्हणाली. पण ती हलल्याचा आवाज आला नाही. फोनवर आम्ही दोघंच उरलो. माझ्या खिडकीबाहेर टळटळीत ऊन होतं आणि खालच्या मैदानात कोणीतरी बॅडमिंटन खेळत होतं. समोर तिच्या चेहऱ्याचा फराटा उमटलेला फोटो तसाच उघडा होता. मला तिला काहीतरी शहाणपणाचं सांगायचं होतं. डॉक्टर, ऊन, व्हिटॅमिन, असलं काहीतरी. मला रडू येत होतं आणि ते तिला कळू नये म्हणून मी फोन तोंडापासून दूर धरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "रोज वाजायचा. तुझा कॅमेरा. मी इथेच असायचे, खालीच. खट्, खट्. मला वाटायचं, बाबा कॅन सी मी."

"नाही गं."

"मग आता दिसतेय मी?"

"हो."

"कधीपासून बघतोयस?"

"आत्तापासून," मी म्हणालो.

मग पलंग करकरला, पांघरूण सरकलं, आणि जमिनीवर अनवाणी पाय टेकल्याचा आवाज आला.

"मग बघत राहा," ती म्हणाली. "मी शेजारच्या दारापर्यंत जाते."